टिकाऊ गाडी आणि दुरुस्त होणारी गाडी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात ‘गाडी किती वर्षे ठेवावी’ या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच चिंतेकडे आहे : गाडी महाग झाली, तिच्यातली यंत्रणा गुंतागुंतीची झाली, मग ती पूर्वीसारखी टिकेल का आणि बिघडली तर कोण दुरुस्त करील? एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील सात येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या वडिलांची गाडी वीस वर्षे चालली. तिचा पत्रा जाड होता आणि किरकोळ काम ते स्वतःच करीत. आजच्या गाडीच्या दारावर अंगठा दाबला तरी पत्रा आत जातो. आजच्या गाड्या मुद्दामच कमी टिकाऊ बनवल्या जातात, असे अनेकजण म्हणतात. हे खरे आहे काय?

उत्तर : आपल्या वडिलांची गाडी वीस वर्षे चालली, याबद्दल मला शंका नाही. मात्र त्या वीस वर्षांत तिचे इंजिन किती वेळा खोलावे लागले, हे घरातल्या जुन्या मंडळींना एकदा विचारून पाहावे. पिस्टनच्या रिंगा बदलणे, व्हॉल्व्ह घासून बसवणे, कार्ब्युरेटर साफ करणे, पॉइंट लावणे ही त्या काळी नेमाने निघणारी कामे होती आणि ती निघाली म्हणून कोणी गाडीला नावे ठेवीत नसे. अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या ओडोमीटरमध्ये बहुधा मैलांसाठी पाचच आकड्यांची जागा असे. ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येई. त्यापुढचा आकडा दाखवण्याची गरज बनवणाऱ्यांनाच वाटत नव्हती, यातून त्या काळच्या अपेक्षेचा अंदाज येतो. आज १ लाख मैल, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर, इंजिन न उघडता पार होणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अमेरिकेच्या रस्त्यांवरील मोटारी आणि हलक्या वाहनांचे सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षे इतके झाले होते. नव्या गाड्या महागल्याने लोक जुन्या धरून ठेवतात, हे त्याचे एक कारण आहेच. पण जी गाडी टिकतच नाही ती धरून ठेवता येत नाही, हेही तितकेच खरे.

सर्वांत मोठा फरक गंजाच्या बाबतीत पडला आहे. जुन्या गाड्यांचा शेवट इंजिनापेक्षा गंजाने अधिक वेळा केला. पोर्शने १९७० च्या दशकाच्या मध्यात ९११ या गाडीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला घेतला, पुढच्या दशकात ऑडीने तोच मार्ग धरला आणि हळूहळू ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. त्यामुळे बोट दाबल्यावर आत जाणारा पातळ पत्रा हा जाड पण उघड्या पत्र्याहून जास्त वर्षे धड राहतो.

जाड पत्र्याबद्दल आणखी एक सांगायला हवे. दाराचा बाहेरचा पत्रा हे केवळ आवरण असते. गाडीचे बळ आतल्या सांगाड्यात असते. २००९ मध्ये अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ सालची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या समोरासमोर एका बाजूने धडकवल्या. अवजड, रुबाबदार बेल एअरचा चालक बसतो तो भाग चेपून गेला, तर मालिबूचा पुढचा भाग चुरगळला आणि बसण्याची जागा शाबूत राहिली. चुरगळणे हेच त्या भागाचे काम आहे.

इतके सांगूनही आपल्या मनातली खंत चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. आपण टिकाऊपणाबद्दल विचारले आहे, पण आपल्याला टोचते आहे ते दुसरेच : वडील जे काम स्वतः करीत होते ते आज करता येत नाही. गाडी किती काळ न बिघडता चालते हा एक गुण आहे आणि बिघडल्यावर ती किती सहज पूर्ववत होते हा दुसरा. गेल्या तीन-चार दशकांत पहिला गुण पुष्कळ वाढला आणि दुसरा घटला. खरेदीदार पहिल्याची चौकशी करतो, दुसऱ्याची करीत नाही. पुढील बरीचशी पत्रे या न केलेल्या चौकशीतूनच आलेली आहेत.

प्रश्न : किरकोळ धडकेत पुढचा एक दिवा फुटला. पूर्वी काच आणि बल्ब बदलला की भागत असे. आता संपूर्ण दिवाच नवा घ्यावा लागला, आणि तो बसवल्यावरही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक जोडेपर्यंत नीट चालला नाही. माझ्या नेहमीच्या मेकॅनिकला हे का जमले नाही? गाडी माझ्या मालकीची आहे, तर तिच्या दुरुस्तीचा हक्क मला नाही काय?

उत्तर : आपल्या अनुभवात दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. दिवा सुटा न मिळणे ही रचनेची बाब आहे. एलईडी, त्याची उष्णता वाहून नेणारे धातूचे पंखे, प्रकाशझोत वरखाली करणारी मोटर आणि तिचे नियंत्रण करणारी पट्टी हे सारे पाणी शिरू नये म्हणून एकाच खोक्यात बंद केलेले असते. असा दिवा वर्षानुवर्षे हात न लावता जळतो, पण तो गाडीला अडकवणारा एक कान तुटला तरी अख्खा बदलावा लागतो. वरच्या उत्तरात म्हटलेला टिकाऊपणा आणि दुरुस्ती यांचा व्यस्त संबंध येथे एका दिव्यात पाहायला मिळतो. काही कंपन्या फक्त तुटलेला कान जोडण्याचा संच देतात, काही देत नाहीत. तो मिळतो का, हे आधी विचारल्यास अनेकदा मोठा खर्च वाचतो.

दुसरी बाब नव्या भागाची गाडीला ओळख पटवण्याची आहे. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन या पद्धतीमुळे गाडीतील निरनिराळे नियंत्रक, म्हणजे एकेक काम सांभाळणारे छोटे संगणक, दोन तारांवरून एकमेकांशी बोलू लागले. त्यामुळे तारांचे जाडजूड जुडगे कमी झाले, वजन घटले, बिघाड शोधणे सोपे झाले. मात्र नवा भाग बसवला की गाडीच्या इतर नियंत्रकांना त्याची ओळख करून द्यावी लागते आणि ती करून देण्याची किल्ली अनेकदा उत्पादकाच्या हाती असते. गाडीची चावी, इमोबिलायझर (खऱ्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) किंवा इंजिनाचा नियंत्रक यांच्यासाठी हे बंधन योग्य आहे, कारण त्याशिवाय चोरी थांबणार नाही. दिव्यासाठी किंवा काच खालीवर करणाऱ्या मोटरसाठी तेच बंधन घालणे मला समर्थनीय वाटत नाही. चोरीच्या भागांचा बाजार रोखायला त्याने काही प्रमाणात मदत होते हा युक्तिवाद मी ऐकला आहे. पण त्यासाठी प्रत्येक प्रामाणिक मालकाला एकाच दारात उभे करणे ही फार मोठी किंमत झाली.

हक्काबद्दल म्हणाल तर लढा जुना आहे. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना एकसारखे निदान-सॉकेट बसवणे सक्तीचे झाले. युरोपात पेट्रोलच्या गाड्यांना हा नियम २००१ पासून लागू झाला. स्टिअरिंगखाली जेथे मेकॅनिक आपला स्कॅनर जोडतो तेच हे सॉकेट. परंतु हे नियम मुळात धुरासाठी झाले होते, म्हणून प्रदूषणाशी संबंधित बिघाडांचे कोड तेवढे सर्वांना खुले झाले. बाकीची भाषा ज्याची त्याने आपल्यापाशी ठेवली. पुढे युरोपीय संघाने २००७ च्या नियमावलीत दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही मिळाली पाहिजे असे ठरवले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने प्रचंड बहुमताने कौल दिला, आणि त्यानंतर उत्पादकांनी २०१४ मध्ये देशभरासाठी सामंजस्य करार केला. त्या करारात एक फट राहिली : गाडीतून थेट उत्पादकाच्या संगणकाकडे बिनतारी जाणारी माहिती. ती बुजवण्यासाठी त्याच राज्यात २०२० मध्ये पुन्हा मतदान घ्यावे लागले, तेही मंजूर झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. फ्रान्सने २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, धुलाई यंत्र अशा वस्तूंवर दुरुस्तीचा गुणांक छापणे बंधनकारक केले. मोटारी त्या यादीत नव्हत्या. घरातल्या सर्वांत महाग यंत्राला असा गुणांक नसावा, हे मला खटकते.

आपल्या मेकॅनिकवर मात्र राग धरू नये. नियंत्रकांची नोंदणी करू शकणारी स्वतंत्र उपकरणेही मिळतात, पण ती महाग असतात आणि त्यांचे परवाने दरवर्षी नवे करावे लागतात. गाडी घेण्यापूर्वीच आपल्या गॅरेजवाल्याला विचारावे : ‘या कंपनीच्या गाडीत नवा भाग बसवून त्याची नोंद तुम्ही करू शकता का?’ आणि शोरूममध्ये पुढचा दिवा, पुढची काच आणि सेन्सरसहित बंपर या तिन्हींचा दर लेखी मागावा. काचेमागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळवणी, करावे लागते, आणि तो खर्च काचेच्या किमतीत धरलेला नसतो. माझ्या पाहण्यातल्या एका गाडीच्या बंपरवर पुटी आणि रंगाचे जाड थर चढवले गेले आणि त्यामागच्या रडारला समोरची वाहने दिसेनाशी झाली. रंगकाम सुबक होते, म्हणून दोष शोधायला कित्येक दिवस गेले. गाडीच्या खालच्या बाजूचे मोठमोठे भाग ॲल्युमिनियमच्या एकाच ओतकामातून काढण्याची पद्धत टेस्लाच्या मॉडेल वाय या गाडीपासून रुळली आहे. तेथेही छोट्या धडकेनंतर तो भाग सरळ करता येईल की विमा कंपनी गाडीच निकाली काढील, याची विचारणा आधी व्हायला हवी.

प्रश्न : गाडीच्या पुस्तिकेत इंजिन ऑइल १५,००० किलोमीटर किंवा एक वर्षाने बदलावे असे आहे. मेकॅनिक म्हणतो निम्म्यावर बदला. गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ आहे असे सर्व्हिस सेंटर सांगते. कोणाचे ऐकावे?

उत्तर : पुस्तिकेचेच ऐकावे, पण ती पूर्ण वाचून. वेळापत्रकाच्या मागेपुढे ‘कठीण परिस्थितीतील वापर’ अशा अर्थाचे एक पान असते आणि अशा वापरात ऑइल लवकर बदलायला सांगितलेले असते. वारंवार पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या, थांबत-थांबत चालणारी रहदारी, धूळ, फार उष्णता किंवा फार थंडी, ओझे ओढणे हे सारे त्यात मोडते, आणि बहुसंख्य मालकांचा वापर याच पानावरचा असतो. छोट्या फेरीत ऑइल पुरेसे तापत नाही. मग त्यात उतरलेले इंधन आणि बाष्प उडून जात नाही. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत असे इंधन ऑइलमध्ये मिसळण्याचे प्रमाण अधिक असते. जोडीला टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारी यंत्रणा) असेल तर त्याचा दांडा मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याला ऑइलच्या अतिशय पातळ थराशिवाय दुसरा आधार नसतो. अशा इंजिनात ऑइल लवकर बदलणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे, म्हणून आपला मेकॅनिक सांगतो ते मी उचलून धरीन.

ऑइलमध्येच भिजत फिरणारा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाशी जुळवून ठेवणारा पट्टा) हा आणखी नाजूक विषय. घर्षण आणि आवाज कमी करण्यासाठी काही उत्पादकांनी तो आणला. मात्र दूषित झालेल्या ऑइलमुळे बेल्टचे रबर फुगते, त्याचे कण सुटतात, ते ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला ऑइल मिळेनासे होते. प्यूजो-सित्रोएन समूहाच्या १.२ लिटर प्यूअरटेक इंजिनाबाबत तक्रारी इतक्या वाढल्या की कंपनीने २०२४ मध्ये त्यासाठीचे संरक्षण १० वर्षे किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंत वाढवले, आणि इंजिनाच्या नव्या आवृत्तीत बेल्टच्या जागी चेन आली. आपल्या इंजिनात असा बेल्ट असल्यास ऑइलचा नेमका दर्जा आणि वेळ यांत तडजोड करू नये.

‘आयुष्यभरासाठी’ या शब्दाबद्दल एकच सांगतो. कोणाचे आयुष्य, हे त्यात म्हटलेले नसते. स्वयंचलित गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी आपल्या गिअरबॉक्सचे ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी बदलण्याची शिफारस करते. तोच गिअरबॉक्स बसवणारे काही मोटार उत्पादक त्याला ऑइल बदलण्याची गरज नाही असे म्हणत आले आहेत. ज्याने यंत्र घडवले त्याचे मी ऐकतो.

नियमित देखभालीने काय साधते याचे उदाहरण म्हणून अर्व गॉर्डन या अमेरिकी विज्ञान शिक्षकाचे नाव घेतले पाहिजे. त्यांनी १९६६ मध्ये व्होल्वो पी१८०० घेतली आणि २०१३ मध्ये तिच्यावर ३० लाख मैल पूर्ण केले, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. त्यांचे रहस्य विचारले असता ते पुस्तिकेतले वेळापत्रक पाळण्याचाच सल्ला देत. त्यांच्या गाडीचे भाग सुटे होत, खोलता येत आणि पुन्हा जुळवता येत, याचाही त्यात वाटा आहे; केवळ ऑइलने इतका पल्ला गाठता येत नाही.

प्रश्न : गुंतागुंत जितकी कमी तितकी गाडी टिकाऊ, असे समजून मी हायब्रिड टाळत आलो. हा विचार बरोबर आहे का?

उत्तर : अर्धाच. गुंतागुंत कोठे आहे हे पाहावे लागते. १९९७ मध्ये आलेल्या टोयोटा प्रियसची रचना ऐकायला बिकट वाटते. प्रत्यक्षात तिच्यात ग्रहमालेसारखी फिरणारी दातेरी चाके आणि दोन मोटरी यांच्या मेळातून वेग जुळतो, म्हणून क्लच प्लेट नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. झिजणारे भागच वगळल्यामुळे या पद्धतीच्या गाड्या टॅक्सी म्हणून प्रचंड चालल्या. याउलट दोन कोरडे क्लच असलेला स्वयंचलित गिअरबॉक्स कागदावर कार्यक्षम असतो आणि संथ, खोळंबत सरकणाऱ्या रहदारीत तापून लवकर झिजतो. हायब्रिड घेतल्यास बॅटरीला हवा देणाऱ्या पंख्याची जाळी साफ ठेवावी. एवढे साधे काम न झाल्याने चांगल्या बॅटऱ्या वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : विजेवर चालणारी गाडी घेण्याचा विचार आहे. इंजिनाची कटकट नाही हे पटते, पण बॅटरी गेली की गाडीच गेली, असे ऐकतो. बॅटरी खरोखर किती टिकते? ती दुरुस्त होते का?

उत्तर : बॅटरी मोबाइलच्या बॅटरीसारखी दोन-तीन वर्षांत बसते, ही भीती निराधार आहे. ती हळूहळू क्षमता गमावते आणि त्याचा वेग उष्णता, भरणाची पातळी व वापराची पद्धत यांवर ठरतो. याचा धडा सुरुवातीलाच मिळाला. २०१० च्या अखेरीस बाजारात आलेल्या निसान लीफच्या बॅटरीला थंड ठेवणारी सक्रिय यंत्रणा नव्हती; ॲरिझोनासारख्या तप्त प्रदेशातील मालकांच्या बॅटऱ्यांची क्षमता वेगाने घटू लागली आणि कंपनीला क्षमतेचीही वॉरंटी द्यावी लागली. आज बहुतेक उत्पादक द्रवाने थंड होणारी बॅटरी देतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियम मंचाने २०२२ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक नियमाने किमान मर्यादाही आखून दिली : पाच वर्षे किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत मूळ क्षमतेच्या ८० टक्के, आणि आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत ७० टक्के. हा किमान आकडा आहे. नीट जपलेली बॅटरी याहून चांगली राहू शकते.

बॅटरीचे रसायन विचारून घ्यावे. लोह-फॉस्फेटची बॅटरी त्याच वजनात थोडी कमी ऊर्जा साठवते, पण भरण्या-रिकामे होण्याची आवर्तने अधिक सोसते. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी हलकी असते. रोजच्या वापरात ती ८० टक्क्यांच्या आसपास थांबवणे आणि पूर्ण भरून दिवसेंदिवस उन्हात उभी न ठेवणे हिताचे.

आता दुरुस्तीचे. येथे एका बॅटरीत आणि दुसरीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. काही बॅटऱ्यांचे झाकण बोल्टने बसवलेले असते आणि आत सेलचे अनेक खण असतात. एक खण निकामी झाला तर तेवढाच बदलता येतो. काही नव्या रचनांत सेल थेट पेटीत बसवून चिकटद्रव्याने किंवा फेसाने पक्के केले जातात, बॅटरी गाडीच्या सांगाड्याचाच भाग होते. वजन वाचते, गाडी ताठ होते, आणि एका सेलसाठी सगळे बदलण्याची वेळ येते. विक्रेत्याला नुसते ‘वॉरंटी किती’ असे विचारून थांबू नये. ‘वॉरंटी संपल्यावर एक खण बदलून मिळेल का, आणि ते काम कोठे होते?’ असे विचारावे. उत्तर देताना तो अडखळला, तर तेही एक उत्तरच आहे. शिवाय उच्च दाबाच्या विजेचे काम प्रशिक्षणाशिवाय कोणाकडूनही करून घेऊ नये. येथे घरगुती हुन्नर जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : नव्या गाडीत बटणे जवळजवळ नाहीत, सर्व काही पडद्यावर आहे. पंधरा वर्षांनी हा पडदा चालेल का? आणि कंपनीच बंद पडली तर?

उत्तर : आपण फार महत्त्वाचे विचारले आहे. लोखंड झिजते तशी संगणकाची स्मृतीही झिजते. २०२१ मध्ये टेस्लाने २०१२ ते २०१८ दरम्यान बनलेल्या सुमारे १ लाख ३५ हजार मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या, कारण पडद्यामागच्या ८ जीबी स्मृतिचिपवर नोंदी लिहून लिहून तिची मर्यादा संपत होती आणि मग मागचा कॅमेराही दिसेनासा होत होता. मोटर आणि बॅटरी ठणठणीत असताना नखाएवढ्या चिपने गाडी अडवली. २०२२ मध्ये अमेरिकेत थ्रीजी सेवा बंद झाली तेव्हा कित्येक गाड्यांची आपत्कालीन फोनची सोय मुकी झाली. म्हणून हवा, काच पुसणारे वायपर आणि धोक्याचे दिवे यांसाठी स्वतंत्र बटणे असलेल्या गाडीला मी झुकते माप देतो. पडदा गेला तरी गाडी सुरक्षितपणे चालवता आली पाहिजे. बसवलेल्याच वस्तूसाठी मासिक वर्गणी मागण्याचा प्रयत्नही झाला आहे. बीएमडब्ल्यूने काही देशांत २०२२ मध्ये गरम होणाऱ्या आसनांसाठी ती ठेवली आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर पुढच्याच वर्षी मागे घेतली.

कंपनी बंद पडण्याबाबत दोन उदाहरणे पुरेशी आहेत. स्वीडनची साब २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण तिचे सुटे भाग पुरवणारी कंपनी वेगळी होती आणि पुढे ती ओरिओ या नावाने चालत राहिली. साबच्या गाड्या त्यानंतरही रस्त्यावर दिसत राहिल्या. अमेरिकेची फिस्कर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्या ओशन या गाडीच्या मालकांपुढे भागांच्या जोडीला सॉफ्टवेअर कोण सांभाळणार हा नवाच पेच उभा राहिला आणि त्यांना स्वतःची संघटना बांधून मार्ग शोधावे लागले. गाडी जितकी उत्पादकाच्या सर्व्हरवर अवलंबून, तितके तिचे आयुष्य उत्पादकाच्या आयुष्याला बांधलेले.

प्रश्न : माझी गाडी चौदा वर्षांची आहे. इंजिन उत्तम आहे, पण सस्पेन्शन, क्लच आणि एसीचे काम मिळून येणारा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीच्या निम्मा आहे. सर्वजण म्हणतात, यात पैसे घालू नका, नवी घ्या किंवा कमी चाललेली सेकंड हँड घ्या. आपले मत काय?

उत्तर : दुरुस्तीच्या खर्चाची तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी करणे ही पहिली चूक, आणि जवळजवळ प्रत्येकजण ती करतो. आपण गाडी विकायला काढलेली नाही, वापरायला ठेवली आहे. या दुरुस्तीनंतर गाडी आणखी तीन वर्षे निर्धास्त चालणार असेल, तर खर्चाला तीनने भागावे आणि येणाऱ्या आकड्याची तुलना नव्या गाडीच्या एका वर्षाच्या हप्ते, विमा आणि घसारा यांच्या बेरजेशी करावी. नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक घसरते, त्यामुळे ही तुलना बहुधा जुन्या गाडीच्याच बाजूने जाते. सस्पेन्शनचे बुश, शॉक ॲब्जॉर्बर, क्लच प्लेट हे मुळात झिजण्यासाठीच केलेले भाग आहेत. ते बदलले की त्या कामापुरती गाडी पुन्हा नवी होते.

हे गणित तीन ठिकाणी उलटते. गाडी लिफ्टवर चढवून तळाची पाहणी करा. सांगाड्याला, सस्पेन्शन जेथे जोडले जाते तेथे, गंजाने भोके पडली असतील तर बाकीच्या दुरुस्त्या करू नयेत. दुसरे, एखादा आवश्यक नियंत्रक किंवा भाग बनणेच बंद झाले असेल आणि जुन्या गाड्यांतून काढलेलाही मिळत नसेल, तर पुढचा बिघाड गाडी उभीच करील. तिसरे, सुरक्षितता. घसरत्या गाडीला सावरणारी स्थिरता-नियंत्रण यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली, कारण तिने जीव वाचतात हे आकड्यांनी सिद्ध झाले होते. आपल्या गाडीत ही यंत्रणा आणि एअरबॅग नसतील आणि घरातले सर्वजण तिच्यातून लांबचे प्रवास करीत असतील, तर पैशाचा हिशेब बाजूला ठेवून गाडी बदलावी.

यापैकी काही नसेल तर दुरुस्ती करावी, आणि क्लच खोललाच आहे तर त्याचे बेअरिंग व मागचे ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्यावे. मजुरी एकदाच लागते.

आणि सेकंड हँड घ्यायचेच ठरले, तर केवळ कमी किलोमीटर पाहून भुलू नये. वर्षभर उभी राहून महिन्याकाठी दोनदा बाजारापर्यंत गेलेल्या गाडीपेक्षा महामार्गावर नियमित धावलेली आणि प्रत्येक ऑइलची पावती जपलेली गाडी मी केव्हाही पसंत करीन. नव्याने आलेल्या मॉडेलच्या पहिल्या वर्षातील गाडी शक्यतो टाळावी; दोन-तीन वर्षांत उत्पादकाला तिचे दोष कळलेले आणि बरेचसे दुरुस्त झालेले असतात. व्यवहारापूर्वी स्कॅनर लावायला सांगावे आणि बिघाडाचे कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नये, कारण कोड दोन मिनिटांत पुसता येतात. कोड पुसले की गाडीच्या स्वयंतपासण्या ‘अपूर्ण’ दिसू लागतात आणि काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर विक्रेत्याला आठवड्यानंतर येतो म्हणून सांगावे आणि तोवर गाडी चालवीत राहण्याची विनंती करावी. ओडोमीटरवरील आकडा इतर नियंत्रकांतही साठवलेला असू शकतो. चांगल्या स्कॅनरने तो काढून दोन्ही आकडे ताडून पाहता येतात.